आधी मंजूर तर होऊ दे

"आधी मंजूर तर होऊ दे, मग बघू."

सिव्हिलमध्ये ज्यांनी आयुष्य काढलं त्यांनी हे वाक्य निदान शंभरदा ऐकलं असेल आणि पन्नासदा तरी स्वतः म्हटलं असेल. इस्टिमेटचा आकडा वरच्यांना झेपणार नाही असं दिसलं की दोन-चार आयटम गाळायचे, दर जुन्या डीएसआरचे धरायचे, आकडा मर्यादेत बसवायचा. एकदा काम सुरू झालं की ते अर्धवट कोण सोडतंय? रिवाइज्ड इस्टिमेट जाईलच की वर.

परवा ऑफिसात चहाच्या वेळी याच विषयावर बोलणं चाललं होतं. नव्याने लागलेला एक मुलगा, हुशार आहे, वाचतो बरंच, मला म्हणाला, "सर, यात एवढं वाईट काय आहे? जपानने बुलेट ट्रेन अशीच तर बांधली. अर्धा खर्च सांगून."

मी त्याला उत्तर दिलं नाही. एक तर गोष्ट खरी आहे. आणि दुसरं म्हणजे, हीच गोष्ट मी स्वतः अनेक वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आलो आहे. त्या म्हाताऱ्याने सगळ्या पार्लमेंटला कसं गंडवलं आणि जगातली पहिली अतिजलद रेल्वे कशी उभी केली, असं रंगवून. पण समोरून कोणीतरी ती आपल्या कामाचं समर्थन म्हणून वापरल्यावर ती जरा वेगळी ऐकू आली. म्हणून ती पहिल्यापासून पुन्हा मांडून बघतो.

पहिला गैरसमज असा, की शिन्कान्सेन ही वेगाच्या हौसेतून जन्मली. तसं नव्हतं. ती गर्दीतून जन्मली. तोक्यो आणि ओसाका यांना जोडणारी जुनी तोकाइदो लाइन म्हणजे जपानची कण्याची रेल्वे. देशातल्या एकूण रेल्वे वाहतुकीचा सुमारे चौथा हिस्सा या एका मार्गावर होता. रूळ अरुंद, १०६७ मिलिमीटरचे, कारण १८७२ साली जपानात पहिली गाडी धावली तेव्हा तेच निवडले गेले होते. वळणं फार, फाटकं फार, एकाच रुळावर एक्स्प्रेसही आणि मालगाडीही. १९५६ साली या मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं. १९५८ साली त्यावर 'कोदामा' नावाची विजेवरची एक्स्प्रेस सुरू झाली आणि तोक्यो ते ओसाका ६ तास ५० मिनिटांवर आलं. कोदामा म्हणजे प्रतिध्वनी. सकाळी निघून, कामाला दोनेक तास मिळवून, त्याच दिवशी परत. आपली हाक परत यावी तसं. नाव किती नेमकं! पण गाडी कितीही चांगली असली तरी त्या मार्गावर आणखी गाड्या घालायला जागाच नव्हती.

आता काय करायचं? जुन्याच्या शेजारी आणखी दोन अरुंद रूळ टाका, असं बहुतेकांचं म्हणणं होतं. स्वस्त, सोपं, टप्प्याटप्प्याने करता येण्यासारखं. पूर्णपणे नवी, रुंद रुळांची, वेगळी लाइन बांधायची हे रेल्वेतल्या पुष्कळांनाही वेडेपण वाटत होतं. बाहेर तर थट्टाच होती. रेल्वे बुडवायला निघालेत, हा जमाना विमानांचा आणि मोटारींचा आहे, असं म्हणणारे खूप. यामातो युद्धनौका, चीनची भिंत आणि पिरॅमिड या मोठ्या निरुपयोगी बांधकामांच्या यादीत आता आणखी एक भर पडणार, अशीही टीका झाली.

हे वेडेपण ज्याने डोक्यावर घेतलं तो माणूस म्हणजे शिन्जी सोगो. १९५५ साली तो जपानी राष्ट्रीय रेल्वेचा अध्यक्ष झाला तेव्हा ७१ वर्षांचा होता. ते पदही कोणी हौसेने मागावं असं नव्हतं. त्याच वर्षी मे महिन्यात रेल्वेची एक फेरीबोट धुक्यात दुसऱ्या बोटीला धडकून बुडाली. १६८ माणसं गेली, त्यांत शाळेच्या सहलीची मुलं फार होती. आधीच्या अध्यक्षाला जावं लागलं आणि निवृत्त सोगोला बोलावलं गेलं. तरुणपणी तो शिम्पेई गोतो या मंत्र्याच्या हाताखाली होता आणि जपानचे रूळ रुंद व्हायला हवेत हे गोतोचं जुनं स्वप्न होतं. म्हणजे ही भूक चाळीस-पन्नास वर्षांची होती.

सोगोने पहिलं काम काय केलं, तर हिदेओ शिमाला परत बोलावलं. शिमाची गोष्ट मला फार जवळची वाटते. त्याचे वडील यासुजिरो शिमा रेल्वेतलेच इंजिनिअर. रुंद रुळांचा आग्रह धरून हरलेले. पुढे १९३९-४० मध्ये तोक्यो ते शिमोनोसेकी अशा वेगवान लाइनचा युद्धकाळातला बेत झाला, 'गोळी-गाडी' या नावाचा, तेव्हा त्यात बापलेक दोघेही होते. काही जमीन घेतली गेली, बोगद्यांना सुरुवात झाली आणि युद्धाने सगळं थांबवलं. वडील १९४६ साली वारले.

स्वतः हिदेओने १९५१ साली रेल्वे सोडली होती. योकोहामाच्या साकुरागिचो स्टेशनजवळ वरची तार तुटून एका लोकलला आग लागली आणि १०६ माणसं जळून मेली. तो डबा युद्धाच्या टंचाईत काटकसरीने बनवलेल्या जातीचा. खिडक्यांचा मधला भाग उघडत नव्हता, माणसाला बाहेर पडायला जागा नव्हती. डब्यांच्या कामाचा वरिष्ठ शिमा होता. कसर केली की तिची किंमत कुठे वसूल होते हे या माणसाने डोळ्यांनी पाहिलं होतं, हे लक्षात ठेवा.

शिमाची शिन्कान्सेन म्हणजे या अनुभवाचं उत्तर आहे असं मला वाटतं. ती धाडसी दिसते, पण आतून विलक्षण सावध आहे. अजून सिद्ध न झालेली कोणतीही गोष्ट वापरायची नाही, हा त्याचा दंडक. इंजिनाने डबे ओढायचे नाहीत, प्रत्येक डब्याखाली मोटर हवी. त्यामुळे वजन एका जागी एकवटत नाही, मऊ जमिनीवरचा भराव आणि पूल फार जड बांधावे लागत नाहीत, आणि ब्रेकही सगळ्या गाडीभर लागतो. ही पद्धत त्याने १९५० सालापासून साध्या लांब पल्ल्याच्या गाड्यांवर वापरून बघितली होती. एकही फाटक नाही. मालगाडी नाही, संथ गाडी नाही. आणि ताशी २०० किलोमीटरच्या पुढे ड्रायव्हरला रस्त्याकडेचा सिग्नल नीट वाचता येणार नाही, म्हणून सिग्नल थेट त्याच्या समोर केबिनमध्ये. त्याने दुर्लक्ष केलं तर गाडी आपोआप हळू होणार.

या कामात हात होता तो युद्धात हरलेल्या इंजिनिअरांचा. १९४५ नंतर लष्करी संशोधन बंद झालं आणि त्यांतले बरेच जण रेल्वेच्या संशोधन संस्थेत आले. तादानाओ मिकी हा नौदलाचा विमान आरेखक. आत्मघाती 'ओका' विमान त्याच्या हातून उतरलेलं. त्याने गाडीचं नाक आणि अंग हवेला कापेल असं केलं. हाजिमे कावानाबे लष्कराच्या संपर्क यंत्रणांतला, तो सिग्नलकडे वळला. आणि तादाशी मात्सुदाइरा. झीरो विमानाचे पंख वेगात का थरथरतात आणि फाटतात हे त्याने शोधलं होतं. गाड्या वेगात हलतात याचं कारण रेल्वेवाले रुळांच्या वाकडेपणात शोधत. मात्सुदाइरा म्हणाला, रूळ अगदी सरळ असले तरी हे होणार, कारण चाकं स्वतःच नागमोडी हालचाल करायला लागतात, आणि एका वेगाच्या पुढे ती वाढतच जाते. विमानाच्या पंखासारखंच. जपानी भाषेत त्या हालचालीच्या नावातच साप आहे. फिरत्या रुळांवर मॉडेल ठेवून त्याने ते दाखवलं, आणि मग उत्तरही शोधता आलं.

१९५७ च्या मे महिन्यात या मंडळींनी तोक्योच्या गिन्झा भागात एक जाहीर व्याख्यान ठेवलं. विषय: तोक्यो ते ओसाका तीन तासांत शक्य आहे. त्याच सप्टेंबरात मिकीच्या आरेखनाच्या एका खासगी कंपनीच्या गाडीने अरुंद रुळांवर ताशी १४५ किलोमीटरचा विक्रम केला. मग लोक थट्टा जरा कमी करू लागले. १९६२ साली कामोनोमियाजवळ सुमारे ३२ किलोमीटरची चाचणी लाइन तयार झाली. १९६३ च्या मार्चमध्ये तिथे गाडी ताशी २५६ किलोमीटरने धावली. बोगद्यात शिरताना कानांत दडे बसतात हे तिथेच कळलं आणि मग डबे हवाबंद केले. सगळं आधी करून बघायचं, मग प्रवाशाला बसवायचं.

आणि आता पैशाची गोष्ट.

ज्या संस्थेत एक स्प्रिंगसुद्धा तपासल्याशिवाय लावत नव्हते, तिथे सगळ्यांत मोठा आकडा मात्र जाणूनबुजून खोटा होता. हिशेब करणाऱ्यांनी सोगोला सुमारे ३०,००० कोटी येन असा खर्च सांगितला होता. एवढा आकडा पार्लमेंट कधीच मंजूर करणार नाही, म्हणून त्याने तो कमी करायला लावला. बाहेर गेला तो १९,७२० कोटी येन. तेवढ्यावर १९५९ साली काम सुरू झालं.

पुढची चाल तर आणखी हुशार. सरकार बदललं तर काम मध्येच बंद पडू शकतं. त्यावर एइसाकु सातो यांनी सल्ला दिला. ते तेव्हा अर्थमंत्री, मूळचे रेल्वे खात्यातले आणि पुढे पंतप्रधान. त्यांनी सुचवलं, जागतिक बँकेचं कर्ज घ्या. १९६१ च्या मे महिन्यात ८ कोटी डॉलरचं कर्ज झालं. तेव्हाच्या ३६० येनच्या भावाने २,८८० कोटी येन, म्हणजे सांगितलेल्या खर्चाच्या १५ टक्केसुद्धा नाही. पण प्रश्न पैशाचा नव्हताच. बाहेरच्या बँकेला शब्द दिला की तो कोणत्याही सरकारला पाळावा लागतो. रात्री मालगाड्याही चालवू, असं तेव्हाच्या आराखड्यात होतं. त्या कधीच धावल्या नाहीत, आणि तो बेत खरा होता की कर्जासाठी केलेली सजावट, यावर अजून वाद चालतो.

काम निम्म्याच्या पुढे गेल्यावर व्हायचं ते झालं. पैसे संपले. शेवटचा आकडा ३८,००० कोटी येनच्या घरात गेला, जवळजवळ दुप्पट. मधल्या काळात, १९६२ च्या मे महिन्यात, मिकावाशिमाला जुन्या लाइनवर गाड्यांची टक्कर होऊन १६० माणसं गेली होती, आणि सगळा पैसा नव्या लाइनवर घालता, असा राग होताच. १९६३ च्या मे महिन्यात सोगोची मुदत संपली आणि त्याला पुन्हा नेमलं नाही. शिमा त्याच्याबरोबर बाहेर पडला.

१ ऑक्टोबर १९६४. ऑलिंपिकला नऊ दिवस उरले होते. पहाटे सहाला तोक्यो स्टेशनवर फीत कापून पहिली 'हिकारी' सुटली. हिकारी म्हणजे प्रकाश. ज्या दोन माणसांनी ती आणली त्यांना फलाटावरच्या समारंभाचं बोलावणं नव्हतं. ८० वर्षांचा सोगो आणि ६३ वर्षांचा शिमा, दोघांनी ती सुटताना आपापल्या घरी टीव्हीवर पाहिली.

तीन तासांची गाडी पहिलं वर्षभर चार तास घेत होती. कारण नवे भराव अजून बसले नव्हते, आणि ते बसेपर्यंत वेग वाढवायचा नाही असं ठरलेलं. १९६५ च्या नोव्हेंबरात ती ३ तास १० मिनिटांवर आली. १९६७ च्या जुलैपर्यंत १० कोटी प्रवासी झाले. या गाड्यांचे रूळ घसरून किंवा टक्कर होऊन आजपर्यंत एकही प्रवासी मेलेला नाही. १९९५ साली मिशिमा स्टेशनात दारात अडकून एक प्रवासी गेला, तेवढं सोडून गाडीच्या चालण्यामुळे झालेला मृत्यू मला ठाऊक नाही. जागतिक बँकेचं कर्ज १९८१ साली फिटलं. सोगोही त्याच वर्षी वारला.

म्हणजे तो मुलगा बरोबर म्हणत होता, नाही का? खोटं बोलला म्हणून गाडी झाली. गाडी झाली म्हणून खोटं चाललं.

इथेच मला अडखळायला होतं. एक तर हा युक्तिवाद फक्त यशस्वी माणसालाच करता येतो. अर्धा आकडा सांगून सुरू झालेली आणि मग फसलेली, रखडलेली, गंजलेली कामं जगात कमी आहेत का? त्यांची गोष्ट चहाच्या वेळी कोणी सांगत नाही. शंभरांतल्या एकाची सांगतो आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना तिचं सर्टिफिकेट चिकटवतो.

दुसरं, 'पाच वर्षांत बांधली' हे जे आपण म्हणतो तेही अर्धंच खरं. शिन-तान्ना हा जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा १९४१ सालीच खणायला घेतला होता. निहोनझाका बोगदा तर १९४४ सालीच पुरा झाला होता. कान्नामी गावात शिन-तान्ना बोगद्याच्या कामगारांची वस्ती होती, तिचं नावच 'शिन्कान्सेन' पडलं, गाडी धावायच्या कितीतरी आधी. म्हणजे सोगो रिकाम्या हातांनी जुगार खेळत नव्हता. जमिनीचा काही भाग, बोगदे, प्रवाशांची खात्रीची गर्दी आणि तपासलेलं तंत्र, चारही पत्ते हातात होते. खोटा होता तो फक्त आकडा. आपल्याकडे बऱ्याचदा उलट असतं. आकडाही खोटा आणि हातही रिकामा.

तिसरं, न सांगितलेली किंमत नाहीशी होत नाही, दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडते. नागोयात घरांना खेटून ही लाइन जाते. आवाजाने आणि हादऱ्यांनी हैराण झालेल्या तिथल्या शेकडो लोकांनी १९७४ साली खटला भरला. तो मिटला १९८६ साली, तडजोडीने. पहिल्या इस्टिमेटमध्ये त्यांच्या झोपेचा आयटम होता का? पैशाची ओढाताण असलेल्या कामात कात्री पहिल्यांदा कुठे चालते हे मला अनुभवाने माहीत आहे, म्हणून मी आपला अंदाज करतो. आणि ज्या वर्षी ही गाडी सुटली त्याच वर्षी जपानी रेल्वे तोट्यात गेली, ती पुन्हा वर आलीच नाही. १९८७ साली तिचे तुकडे करून खासगीकरण झालं तेव्हा डोक्यावर ३७ लाख कोटी येनचं कर्ज होतं. यात तोकाइदो शिन्कान्सेनचा दोष नाही, ती तर कमावतीच होती. दोष होता तो 'आधी मंजूर तर होऊ दे' या सवयीचा, असं मला वाटतं. पुढे राजकारण्यांनी आपापल्या गावच्या लाइनी तशाच मंजूर करून घेतल्या.

आपल्याकडे मुंबई-अहमदाबाद लाइनचं भूमिपूजन २०१७ च्या सप्टेंबरात झालं. ५०८ किलोमीटर, तोक्यो-ओसाकाएवढीच, तंत्र आणि कर्ज जपानचं. सुरुवातीचा आकडा सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपयांचा होता आणि तेव्हा सांगितलेली मुदत केव्हाच उलटली. ती व्हावी की नाही यावर मी इथे वाद घालत नाही. पण तिच्या बाजूने बोलताना 'सोगोलाही लोक हसलेच होते' असं कोणी म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, की बाबा, यातला सोगो कोण? आकडा चुकला तर घरी जाणार आहे तो कोण?

कारण सोगोच्या गोष्टीतला खरा भाग तो आहे. तो खोटं बोलला, आणि त्याचं बिल आलं तेव्हा ते त्याच्याच नावावर आलं. त्याने ते भरलं. शिमानेही भरलं. १९५१ साली एकदा आणि १९६३ साली पुन्हा. आपण त्यांची युक्ती तेवढी घेतली, बिल भरायची रीत घेतली नाही.

जाता जाता माझंही सांगून टाकतो. खूप वर्षांपूर्वी एका ओढ्यावरच्या छोट्या पुलाचं इस्टिमेट माझ्याकडे होतं. आकडा मर्यादेबाहेर जात होता. मी जोडरस्ते गाळले. आधी मंजूर तर होऊ दे, म्हटलं. पूल झाला, उद्घाटन झालं, नारळ फुटला. जोडरस्त्याची मंजुरी यायला दोन पावसाळे लागले. ते दोन पावसाळे पलीकडच्या वस्तीतली मुलं अर्धवट पुलाखालून, गुडघाभर पाण्यातून शाळेत गेली. कोणाला काही झालं नाही, नशीब माझं. पण मला कोणी घरी पाठवलं नाही, जाबही विचारला नाही. पुढच्या वर्षी बढती मिळाली.

तोक्यो स्टेशनात शिन्कान्सेनच्या फलाटाच्या टोकाला सोगोचं छोटं शिल्प आहे. गाड्या त्याच्या समोरून सुटतात. उशिरा का होईना, त्याला फलाटावर जागा मिळाली. त्याच्या खोट्याचं समर्थन करायचा हक्क, तेही केलंच तर, त्याचा आहे. माझा नाही.

उद्या त्या मुलाला एवढं सांगायचं आहे. आणि त्याच्या टेबलावर पडलेलं इस्टिमेट, गाळलेल्या आयटमांसकट, पुन्हा एकदा बघायचं आहे.